काऊचे घर आणि कार्टूनचा पडदा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नीरा नदीचा पूल ओलांडला की शिरवळ लागते. नदीकाठी शिवकालातील लढाईची आठवण सांगणारा सुभानमंगळ, गावाबाहेरच्या डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी आणि १९८८ साली सुरू झालेले क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय, ही या गावाची जुनी-नवी ओळख. औद्योगिक वसाहत वाढली तशी नगर, मराठवाडा, विदर्भ आणि परप्रांत येथून आलेली कुटुंबे इथे भाड्याच्या खोल्यांतून राहू लागली. त्यांत आपल्या समाजाचीही काही घरे आहेत. नाताळच्या सुमारास ती एकत्र येतात आणि मुलांचा छोटासा कार्यक्रम बसवतात. अशाच एका कार्यक्रमाच्या तालमीला मी योगायोगाने हजर होतो.

नाटुकले होते चिऊ-काऊच्या गोष्टीचे. ते बसवणाऱ्या बाईंनी मुलांना आधी भ्रमणध्वनीवर त्या गोष्टीचे कार्टून दाखवले, म्हणजे कोणी कसे वागायचे ते त्यांना कळावे. कार्टूनमधली चिऊ गोरीपान, नऊवारी नेसलेली, कपाळाला कुंकू लावलेली. काऊ काळाकुट्ट, अंगावर ठिगळांचा सदरा, डोळे तिरके, आवाज घोगरा. मग भूमिकांचे वाटप झाले. त्यामागे कोणाचाही वाईट हेतू नव्हता. पण उजळ वर्णाची मुलगी चिऊ झाली आणि सर्वांत सावळ्या मुलीला काऊ होण्यास सांगितले गेले. ती सात-आठ वर्षांची मुलगी थोडा वेळ गप्प उभी राहिली. मग म्हणाली, "मावशी, मी काऊ नाही व्हायची." का, असे विचारल्यावर तिने खाली मान घालून सांगितले, "त्या काऊला सगळी हसतात."

बाई समजूतदार होत्या. त्यांनी तिला पाऊस पाडण्याचे काम दिले आणि काऊची भूमिका एका गोऱ्या मुलाला दिली. कार्यक्रमाच्या संध्याकाळी त्याच्या तोंडाला काजळ फासले होते. तो रंगमंचावर आला आणि सारे प्रेक्षक खो खो हसले. पडद्याआड सुपात तांदूळ घोळवून पावसाचा आवाज काढणारी ती मुलगी मात्र हसत नव्हती.

या प्रसंगाने मला विचारात पाडले. नट बदलला, तरी काऊ हास्यास्पदच राहिला. प्राणिकथांवरची कार्टूने आज घराघरांत आहेत. आपली मुले गोष्ट ऐकण्यापूर्वी ती पाहतात. त्या पडद्यावर कोणत्या प्राण्याला कोणाचा रंग, कोणाची बोली आणि कोणाचे घर दिले जाते, याची चर्चा जगभर चालू आहे. ती आपल्या अंगणातूनही व्हावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम आपल्या परंपरेकडे पाहू. मराठी प्राणिकथेचे एक वैशिष्ट्य असे, की ती प्राण्याचे आधी नाते जोडते आणि मग त्याची गोष्ट सांगते. वाघ हा वाघोबा, कोल्हा हा कोल्होबा, चिमणी ही चिऊताई, उंदीर हा उंदीरमामा, हत्ती हा हत्तीदादा. ज्याची भीती वाटते त्यालाही आदरार्थी प्रत्यय लावून घरातला करून घ्यायचे, ही या भाषेची रीत. १९३४ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने रघुनाथ केळकर यांच्याकडून एक कार्टूनपट करवून घेतला. भारतातील आरंभीच्या कार्टूनपटांत त्याची गणना होते. त्याचा नायक होता एक कोल्हा, आणि त्याचे नाव 'जंबूकाका'. 'जंबुक' या संस्कृत शब्दाला शेवटी 'काका' चिकटला आणि लबाडीसाठी प्रसिद्ध असलेला प्राणी एका नावात नातेवाईक झाला.

मात्र या नातेसंबंधांच्या यादीत कावळा कोठे बसतो, ते तपासून पाहावे. चिमणीला 'ताई' सहजपणे चिकटते. कावळ्याला 'दादा' क्वचितच लाभतो. तो बहुधा नुसता 'काऊ'. गोष्टीतही त्याचे घर शेणाचे, चिऊचे मेणाचे. पाऊस आला की शेणाचे घर वाहून जाते. काऊ भिजत चिऊच्या दाराशी येतो आणि चिऊ त्याला ताटकळत ठेवते. बाळाला न्हाऊ घालायचे आहे, तीट लावायची आहे, निजवायचे आहे. शेवट घराघरांतून वेगळा. कोठे काऊला चुलीपाशी ऊब मिळते, कोठे त्याला चटका बसतो.

आजी ही गोष्ट सांगत असे तेव्हा ती ऐकणारे मूल बहुधा शेणाने सारवलेल्या जमिनीवरच बसलेले असे. काऊचे घर म्हणजे आपलेच घर, हे त्याला न सांगता कळत असे, आणि दाराबाहेर भिजणाऱ्या काऊविषयी त्याचा जीव कळवळत असे. आजीचा आवाजही दोन्हींकडून बोलत असे. ती चिऊ होई तशी काऊही होई. कार्टूनमध्ये तसे घडत नाही. चित्रकाराला काहीतरी काढावेच लागते, आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी कोणता तरी एक आवाज निवडावाच लागतो. गोष्टीत 'काऊ' एवढाच शब्द होता. पडद्यावर त्याला कातडीचा रंग, कपडे, बोली आणि वस्ती मिळाली. जे कार्टून मी पाहिले त्यात काऊचे घर पडक्या झोपडीसारखे आणि चिऊचे घर बंगल्यासारखे होते. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाने ते पाहताना स्वतःला कोठे शोधावे?

हा प्रश्न फक्त आपल्या कावळ्यापुरता नाही, आणि योगायोग असा की जगातील या चर्चेच्या केंद्रस्थानीही कावळेच आहेत. वॉल्ट डिस्ने यांच्या 'डम्बो' या १९४१ च्या चित्रपटात मोठ्या कानांच्या हत्तीच्या पिल्लाला उडायला शिकवणारे कावळे आहेत. त्यांची बोलण्याची ढब, पेहराव आणि गाणे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नकलेतून घेतलेले होते. त्यांच्या म्होरक्याचे नाव निर्मितीच्या कागदपत्रांत 'जिम क्रो' असे होते. तेथील दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना वेगळ्या शाळा, वेगळे डबे, वेगळे पाणवठे ठरवून देणाऱ्या कायद्यांना लोक याच नावाने ओळखत. त्या म्होरक्याला आवाज दिला होता क्लिफ एडवर्ड्स या गोऱ्या गायकाने. या कावळ्यांची बाजू घेणारेही आहेत, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही: साऱ्या चित्रपटात त्या हिणवलेल्या पिल्लाशी ममतेने वागणारे जे थोडे आहेत, त्यांत हे कावळे येतात. परंतु ज्या माणसांच्या नकलेवर ती पात्रे उभी होती, त्यांना त्या काळी अनेक चित्रपटगृहांत वेगळे बसावे लागत होते, हेही तितकेच खरे.

पुढे काय झाले? २०१९ साली टिम बर्टन यांनी 'डम्बो' पुन्हा काढला, आणि त्यात ते कावळे नाहीतच. १९५५ च्या 'लेडी अँड द ट्रॅम्प' या कुत्र्यांच्या कथेत तिरक्या डोळ्यांच्या, मोडकी भाषा बोलणाऱ्या दोन सयामी मांजरी होत्या. आशियाई लोकांचे ते विडंबन होते. २०१९ च्या नव्या आवृत्तीत त्या जागी दुसऱ्या मांजरी आल्या आणि गाणेही बदलले. जुन्या 'डम्बो'ला आता सुरुवातीस एक सूचना जोडलेली असते, की यातील चित्रण तेव्हाही चूक होते आणि आजही चूक आहे. ही सूचना मला प्रामाणिक वाटते. जुने कागद जाळण्यापेक्षा त्यांवर शेरा लिहिणे बरे. पण कावळे वगळण्याच्या उपायाने माझे समाधान होत नाही. अपमान करणारी भूमिका गेली, तिच्याबरोबर पिल्लाला उडायला शिकवण्याचा मानही गेला. आमच्या नाटुकल्यातून काऊच काढून टाकला असता, तर त्या मुलीला हसणारे कोणी उरले नसते. पण तिला उभे राहायला जागाही उरली नसती.

दुसरा उपाय नट बदलण्याचा. त्याचा विचार करण्यास 'जंगल बुक'इतके चांगले उदाहरण नाही, कारण ही आपल्या मातीतली गोष्ट परक्या हातांतून अनेकदा फिरून आपल्याकडे आली आहे. रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म १८६५ साली मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात झाला. मोगलीच्या कथा १८९४ आणि १८९५ साली पुस्तकरूपाने आल्या. त्यांतील अरण्य मध्य प्रदेशातील सिवनीचे. किपलिंगच्या मूळ कथेत हत्ती हा ज्ञानवृद्ध आहे आणि का हा अजगर मोगलीचा मित्र व तारणहार आहे. माकडे मात्र कायदा नसलेली, स्वतःची भाषा नसलेली, इतरांचे शब्द चोरून वापरणारी अशी दाखवली आहेत. साम्राज्याच्या नोकरशाहीला ज्या प्रजेचा तिटकारा होता तिची सावली त्या माकडांवर पडली आहे, असे अनेक समीक्षकांनी म्हटले आहे, आणि ते नाकारणे कठीण आहे.

१९६७ साली डिस्नेच्या कारखान्यातून या कथेचे कार्टून निघाले. मोगलीचा आवाज दिग्दर्शकाच्या मुलाचा, म्हणजे एका अमेरिकन मुलाचा. हत्ती निवृत्त इंग्रज कर्नलासारखा. शेरखान हा जॉर्ज सँडर्स यांच्या आवाजात बोलणारा घरंदाज साहेब. अजगर मित्राचा शत्रू झाला. माकडांना किपलिंगने राजा दिला नव्हता; इथे त्यांना किंग लुई नावाचा ओरांगउटान राजा मिळाला, जो प्राणी भारतात आढळतच नाही. तो जाझच्या ठेक्यावर नाचत मोगलीकडे माणूस होण्याचे रहस्य मागतो. त्याचा आवाज लुई प्रीमा या इटालियन वंशाच्या अमेरिकन गायकाचा असला, तरी गाण्याची शैली कृष्णवर्णीयांची होती. अमेरिकेत नागरी हक्कांचा लढा ऐन भरात असताना, 'आम्हालाही माणूस व्हायचे आहे' असे माकडाच्या तोंडून म्हणवणे अनेकांना बोचले, ते साहजिक होते.

यानंतर गोष्ट आपल्याकडे परतली ती जपानमार्गे. निप्पॉन अ‍ॅनिमेशन या संस्थेने १९८९ मध्ये मोगलीची ५२ भागांची मालिका केली. ती १९९३ साली हिंदीत दूरदर्शनवर दर रविवारी सकाळी लागू लागली. त्या काळी लहान असलेल्या वाचकांना त्या सकाळी आठवत असतील. शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे, आणि शेरखानचा आवाज मुरूड-जंजिऱ्याच्या नाना पाटेकरांचा. साहेबी सुरात गुरगुरणारा वाघ एकाएकी आपल्या ओळखीच्या धारदार, तुटक बोलीत बोलू लागला. खलनायक असूनही तो मुलांना आवडला. याचे श्रेय नटाच्या कौशल्याला आहेच. पण एक कारण असेही असावे, की तो वाघ कोणत्याही समाजाची नक्कल करीत नव्हता. त्याच्या रागाला त्याचा स्वतःचा आवाज होता.

२०१६ च्या जॉन फॅवरो यांच्या चित्रपटात मोगलीच्या भूमिकेत नील सेठी हा भारतीय वंशाचा अमेरिकन मुलगा आला. हिंदी आवृत्तीत नाना पाटेकर पुन्हा शेरखान झाले, ओम पुरी बगीरा, इरफान खान यांचा भालू पंजाबी ढंगाची हिंदी बोलू लागला. मूळ इंग्रजीत आणि हिंदीतही अजगराला स्त्रीचा आवाज मिळाला. भारतात ओरांगउटान नसतो म्हणून किंग लुईला पुराणकालीन महाकाय वानराचे रूप दिले गेले. ही सारी सुधारणा स्वागतार्ह आहे. तरीही प्रश्न उरतो. अजगराला स्त्रीचा आवाज मिळाला, पण मोगलीचा मित्र म्हणून नव्हे, तर त्याला भूल घालून गिळू पाहणारी म्हणून. वानरांच्या वाट्याला पूर्वीचीच लूट आणि हाव आली. आवाजाचा मालक बदलला, भूमिका जागच्या जागी राहिली. आमच्या गोऱ्या मुलाच्या काजळ फासलेल्या तोंडासारखेच हे झाले.

इथे स्त्री-पुरुषांच्या प्रश्नाचाही उल्लेख करावा लागेल. रशियन भाषेत बगीरा मादी आहे, आणि १९६७ ते १९७१ या काळात निघालेल्या सोव्हिएत कार्टूनमध्येही ती चपळ, करारी, गंभीर अशी मादीच आहे. एका अनुवादाने मोगलीच्या गुरूला स्त्रीचे रूप दिले, आणि गोष्टीचे काही बिघडले नाही. मराठीत तर व्याकरणच पुष्कळ गोष्टी आधी ठरवून टाकते. चिमणी, मुंगी, खार या स्त्रीलिंगी. वाघ, सिंह, हत्ती पुल्लिंगी. मग कार्टूनमध्ये चिमणी दळते, कांडते, बाळाला न्हाऊ घालते, मुंगी धान्य साठवते, आणि दरबार भरवून न्याय करतो तो सिंह. वाघीण आली तर बहुधा आई म्हणूनच. शब्दाचे लिंग बदलता येत नाही, पण खारीला कोडे सोडवू देण्यास किंवा सिंहाला बाळ सांभाळू देण्यास व्याकरण आडवे येत नाही.

आता आपल्याच देशातले दोन प्रयत्न पाहू. त्यांत तिसऱ्या उपायाची वाट दिसते. १९५६ मध्ये मुंबईला फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात शिकवण्यासाठी क्लेअर वीक्स हे डिस्नेकडचे चित्रकार आले. मिशनरी आईवडिलांच्या पोटी त्यांचा जन्म भारतातच झाला होता, आणि 'बॅम्बी' या हरणाच्या चित्रपटावर त्यांनी काम केले होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९५७ साली 'द बनियन डिअर' हा लघुपट तयार झाला. कथा जातकातली: राजाच्या मुदपाकखान्यासाठी रोज एक हरीण जायचे, पाळी एका गाभण हरिणीवर येते, आणि कळपाचा राजा तिच्या जागी स्वतःची मान ठेवतो. ही कथा चितारताना त्या मंडळींनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांची रेषा वापरली. दुसऱ्यासाठी प्राण देण्यास निघालेल्या त्या हरणाचे मोल कोणत्याही ख्रिस्ती वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. पण मला विशेष वाटते ते हे, की परदेशात शिकलेल्या माणसाने येथे येऊन येथल्या गोष्टीला येथलाच चेहरा शोधला. अशी चित्रे शोधायला फार दूर जावे लागत नाही. अजिंठ्यात छद्दंत हत्तीची कथा एकाहून अधिक लेण्यांत रंगवलेली आहे. शिरवळच्या लेण्यांत चित्रे नसली, तरी ज्या परंपरेने प्राण्याच्या मुखातून धर्म सांगितला, त्याच परंपरेचे भिक्षू त्या डोंगरातही राहून गेले.

दुसरा प्रयत्न १९७४ चा. विजया मुळे यांनी दिग्दर्शित केलेला आणि भीमसेन यांनी चितारलेला 'एक अनेक और एकता' हा लघुपट दूरदर्शनवर वर्षानुवर्षे दिसत असे. जाळ्यात सापडलेल्या पक्ष्यांची ती कथा पंचतंत्रातली. पंचतंत्रात कबुतरांचा राजा चित्रग्रीव सर्वांना एकदम उडण्यास सांगतो, आणि हिरण्यक उंदीर जाळे कुरतडू लागतो तेव्हा आधी माझ्या अनुयायांचे पाश तोड, असे त्याला विनवतो. लघुपटात राजा नाही. पक्ष्यांतलीच एक चतुर चिमणी युक्ती सुचवते, आणि जाळे तोडणारे उंदीर हे मित्र आहेत. लोकशाही देशातल्या मुलांसाठी ही गोष्ट पुन्हा सांगताना कर्त्यांनी राजाची जागा बदलली. राजाने दाखवलेली काळजी मात्र साऱ्यांत वाटून टाकली. गोष्टीचा गाभा न मोडता भूमिका कशा बदलाव्यात, याचा हा चांगला पाठ आहे.

गोष्ट बदलणे म्हणजे तिच्याशी द्रोह करणे, असे काही जणांना वाटते. त्यांनी या गोष्टींचा प्रवास आठवावा. पंचतंत्र सहाव्या शतकात पहलवीत गेले, आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा याने ते अरबीत नेले, तेराव्या शतकात कापुआच्या जॉनने हिब्रूवरून लॅटिनमध्ये आणले, आणि तेथून ते युरोपभर पसरले. इकडे इसापाच्या ग्रीक कथा सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ साली मराठीत आणल्या, आणि आज कोल्हा व द्राक्षे ही आपल्याला घरचीच गोष्ट वाटते. प्रत्येक मुक्कामी कोणी ना कोणी प्राण्यांचे कपडे बदललेच आहेत. प्रश्न एवढाच, की ते कोणाला शोभावेत म्हणून बदलले आणि कोणाला हिणवण्यासाठी.

आणि प्राण्याला माणसाचे कपडे घालायलाच हवेत असेही नाही. सांगली जिल्ह्यातील माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर यांनी 'सत्तांतर' ही वानरांच्या टोळीची कादंबरी लिहिली. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्या वानरांत सत्तेसाठी झुंज आहे, क्रौर्य आहे, आईची माया आहे. पण ते कोणाची नक्कल नाहीत. किपलिंगच्या माकडांशेजारी हे वानर ठेवून पाहिले, की लेखकाची नजर कोठे आहे ते कळते. माडगूळकर वानराकडे पाहत होते. किपलिंगची नजर वानरापलीकडच्या कोणा माणसावर होती.

हा सारा प्रपंच आपल्याला परका नाही. हिंदी चित्रपटातला ख्रिस्ती माणूस आठवा: हातात गिटार, तोंडाला दारूचा वास, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'मॅन', स्त्री असेल तर आखूड झगा आणि मोडके हिंदी. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधला अँथनी देवमाणूस, पण त्याचा धंदा दारूच्या गुत्त्याचा. नगरच्या दुष्काळी रानात राबणारा, वसईच्या वाडीत केळी-फुले पिकवणारा, मराठीत प्रार्थना म्हणणारा कॅथोलिक त्या पडद्यावर सहसा दिसत नाही. तो दिसत नाही म्हणून शाळेत आपल्या मुलांना 'तू घरी इंग्रजी बोलतोस का?' असा प्रश्न ऐकावा लागतो. एकाच साच्यात बसवले जाण्याचे दुःख ज्यांनी सोसले आहे, त्यांनी दुसऱ्याच्या मुलाला काऊचा साचा घालताना दहादा विचार करायला हवा. आणि खरे सांगायचे तर त्या तालमीत आम्हा कोणालाच तसा विचार सुचला नाही. सावळ्या मुलीला काऊ करणारे हात आमच्याच समाजातले होते, आणि हसणाऱ्यांत मीही होतो.

आता तिसऱ्या उपायाकडे येतो. तो मला त्या मुलीच्या आजीकडून मिळाला. कार्यक्रमानंतर मी त्यांच्या खोलीवर चहाला गेलो होतो. आजी मूळच्या नगरकडच्या, कोरडवाहू रानात आयुष्य काढलेल्या. घडलेला प्रकार ऐकून त्या नातीला म्हणाल्या, "अगं, गोष्ट अर्धीच सांगितली तुमच्या बाईंनी. पावसाळ्यानंतर उन्हाळा येत नाही का?" आणि त्यांनी पुढचा भाग सांगितला. वैशाखाचे ऊन तापले तसे चिऊचे मेणाचे घर पाघळून गेले. पिलांना घेऊन ती काऊच्या दाराशी आली. काऊने पुन्हा बांधलेले घर शेणाने सारवलेले, गारेगार. चिऊने एकदाच हाक मारली आणि काऊने दार उघडले. "त्यानं तिला थांबवलं नाही?" नातीने विचारले. आजी म्हणाल्या, "त्याला थांबवलं होतं ना, म्हणून त्याला ठाऊक होतं."

हा उत्तरार्ध आजींनी कोणाकडून ऐकला की त्याच वेळी रचला, हे मी विचारले नाही. पण त्यात काहीही ओढूनताणून आणलेले नाही. मेण उन्हात वितळते हे कोणत्याही मुलाला कळते. खऱ्या कावळ्याकडे पाहिले तरी हीच साक्ष मिळते: कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते आणि कावळा परक्याचे पिलू चोच भरवून वाढवतो. पाहुणा येणार हे सांगायला आपल्या दाराशी ओरडतो तो कावळाच. आणि आपल्या पवित्र शास्त्रात, दुष्काळात ओढ्याकाठी दडून राहिलेल्या एलिया संदेष्ट्याला सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस आणून देण्याची आज्ञा परमेश्वराने ज्यांना केली, ते पक्षी कावळेच होते. इतकी साक्ष हाताशी असताना आपण मुलांसमोर ठेवतो तो ठिगळांच्या सदऱ्यातला तिरळा काऊ.

कार्टूने काढणाऱ्यांनी कोणत्या प्राण्याला कोणता आवाज द्यावा, हे आपल्या हाती नाही. मुलांच्या हातून पडदा काढून घेणेही कितपत शक्य आहे, ते प्रत्येक आईबापाला ठाऊक आहे. पण कार्टून संपल्यावर चार शब्द बोलणे आपल्या हाती आहे. काऊचे घर असे का काढले असेल? माकडे सगळी एकसारखी का बोलतात? ही गोष्ट काऊने सांगितली असती तर कशी सांगितली असती? असे दोन-तीन प्रश्न विचारले तरी मूल पडद्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागते. धर्मग्रामातल्या बालसभेत, नाताळच्या नाटुकल्यात, शाळेच्या संमेलनात गोष्ट निवडताना भूमिका कोणाला द्यायची याआधी ती भूमिका काय आहे, हे आपण पाहिले पाहिजे. ज्या भूमिकेत आपण स्वतःच्या मुलाला आनंदाने उभे करणार नाही, ती दुसऱ्याच्या मुलालाही देऊ नये. आणि शक्य असेल तर ती भूमिकाच अशी घडवावी, की ती मागायला मुलांनी पुढे यावे.

मी निघालो तेव्हा ती मुलगी दाराशी उभी होती. पुढच्या नाताळाला तू कोण होणार, असे मी विचारले. ती आजीकडे पाहून म्हणाली, "आज्जीच्या गोष्टीतला काऊ असंल, तर काऊ." मग थोडे थांबून तिने विचारले, "पण काजळ नाही ना लावायचं?"

काजळ लागणार नाही, असे मी तिला सांगितले. ते खरे करणे आता आम्हा मोठ्यांकडे आहे.